भुयारातली गाडी बोलते कोणाशी?

*चालक नसलेली मेट्रो भर वेगात धावते, वेळेवर थांबते आणि पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतर राखते. हे सारे अवलंबून असते डोळ्यांना न दिसणाऱ्या रेडिओ लहरींवर. या लहरी बोगद्यात कशा पसरतील, कुठे अडतील, कुठे विरतील, याचा हिशेब गाडी धावण्याआधीच संगणकावर मांडावा लागतो. त्या हिशेबाची ही गोष्ट.*

सिंगापूरची सर्कल लाइन ही भुयारी मेट्रो म्हणजे शिस्तीचा नमुना. २०१६ साली तीस स्थानके, पस्तीस किलोमीटरचा मार्ग आणि एकाही गाडीत चालक नाही. सारा कारभार संगणकाच्या हाती. पण ऑगस्ट २०१६ च्या अखेरीस या मार्गाला जणू कुणाची दृष्ट लागली. भरधाव गाडी मध्येच गचका देऊन थांबायची. आणीबाणीचे ब्रेक आपोआप लागलेले असायचे. तपासणी करावी तर मोटरी ठीक, रूळ ठीक, ब्रेकही ठीक. गाडीचा नियंत्रण यंत्रणेशी असलेला रेडिओ संपर्क काही क्षण तुटला होता, एवढेच निदान हाती यायचे.

आज या स्थानकाजवळ, तर उद्या दुसऱ्याच. कधी सकाळी, कधी रात्री. कधी ही गाडी, कधी ती. कामावर निघालेले हजारो लोक बोगद्यात खोळंबत होते आणि अभियंते डोके खाजवत होते. आपल्या वाड्यात दिवा मध्येच विझू लागला तर आपण बल्ब बदलतो, मग होल्डर पाहतो, मग वायर. इथे बदलायचे काय? संपर्क ज्या माध्यमातून चालत होता, ते तर हाताला लागणारेच नव्हते!

या कोड्याचे उत्तर नोव्हेंबरात सापडले. ते समजून घेण्याआधी गाडी बोलते कोणाशी आणि कशासाठी, हे पाहायला हवे.

ठरावीक तुकडा की सरकते अंतर?

रेल्वेची जुनी पद्धत आपल्या परिचयाची आहे. मार्गाचे तुकडे पाडायचे आणि एका तुकड्यात एकाच वेळी एकच गाडी राहील, असा नियम करायचा. पुढच्या तुकड्यात गाडी असेल तर सिग्नल लाल. मागची गाडी उभी. ही पद्धत सुरक्षित आहे, पण उधळी आहे. पुढची गाडी तुकड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला पोहोचली असली, तरी तो पूर्ण तुकडा तिच्या नावावर अडकून राहतो.

शहरे फुगली, फलाटांवर पाय ठेवायला जागा उरेना, तेव्हा नवी पद्धत आली. तिला सीबीटीसी म्हणतात. म्हणजे संपर्कावर आधारलेले गाडीनियंत्रण. यात धावती गाडी क्षणोक्षणी सांगत राहते, "मी इथे आहे, माझा वेग इतका आहे." नियंत्रण यंत्रणा तिला उत्तर देते, "तू अमुक ठिकाणापर्यंत जाऊ शकतेस." पुढची गाडी सरकली की मागचीची मर्यादाही पुढे सरकते. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी नेहमीच्या ब्रेकने थांबवायला साधारण अडीचशे मीटर लागतात. त्यात सुरक्षिततेसाठी थोडी भर घातली की झाले. दोन गाड्यांमध्ये त्याहून जास्त अंतर ठेवण्याची गरज उरत नाही. दीड-दोन मिनिटांना एक गाडी सोडणे शक्य होते ते यामुळेच.

या संवादाची एक अट आहे. तो तुटता कामा नये. ताशी ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. यंत्रणेकडून ठरलेल्या काही सेकंदांत निरोप आला नाही, तर गाडी कोणतीही जोखीम न घेता स्वतःच ब्रेक लावते. म्हणजे लहर हरवली तर अपघात होत नाही, पण गाडी अडते. आणि एक अडली की तिच्यामागे सगळ्यांची रांग लागते.

सहा सेंटिमीटरवर एक खड्डा

मोकळ्या मैदानात रेडिओ लहर कशी विरळ होते, याचा नियम सोपा आहे. अंतर दुप्पट झाले की शक्ती पावपट उरते. अंतर तिप्पट झाले की नवव्या हिश्श्यावर येते. पण शहर म्हणजे मैदान नव्हे. इथे इमारती आहेत, उड्डाणपूल आहेत, पत्र्याच्या शेड आहेत. लहर त्यांवर आपटून परत फिरते, कडांवरून वळते, थोडी आरपारही जाते. त्यामुळे गाडीच्या अँटेनापर्यंत एकच लहर न पोहोचता, निरनिराळ्या वाटांनी आलेल्या अनेक लहरी पोहोचतात.

मग गंमत होते. तळ्यात दोन खडे टाकले की त्यांचे तरंग एकमेकांत मिसळतात. माथ्याला माथा भेटला तर पाणी उंच उसळते. माथ्याला खळगा भेटला तर पाणी जागच्या जागी शांत राहते. रेडिओ लहरींचेही तसेच असते. अनेक सीबीटीसी यंत्रणा २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरतात. त्यांची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर. समोरून आलेली लहर आणि भिंतीवरून परतलेली लहर यांची गाठ पडली, तर जवळपास दर सहा सेंटिमीटरला क्षीण संकेताचा एक 'खड्डा' तयार होऊ शकतो. ताशी ८० किलोमीटरने धावणारी गाडी असे खड्डे सेकंदाला साडेतीनशेच्या घरात ओलांडते!

ट्रान्झिस्टरवर क्रिकेटची कॉमेंटरी ऐकताना नेमक्या क्षणी खरखर व्हायची आणि रेडिओ वीतभर सरकवला की आवाज पुन्हा स्वच्छ यायचा, हा अनुभव अनेकांच्या गाठी असेल. गाडीला मात्र वीतभर सरकून उभे राहण्याची मुभा नाही.

बोगद्यात नियम उलटा

बोगद्यात शिरताच लहरींचे वागणे बदलते. उघड्यावर लहर चहूकडे पसरून विरळ होते. बोगद्यात तिला पसरायला जागाच नाही. ती भिंतींवर आपटत आपटत पुढे जात राहते. प्रत्येक आपटण्यात थोडी शक्ती काँक्रीटमध्ये मुरते आणि उरलेली पुढे सरकते.

एखाद्या तळ्याच्या काठावर बसून पाण्याकडे अगदी तिरप्या नजरेने पाहिले, तर पलीकडचा डोंगर त्यात लख्ख दिसतो. वाकून सरळ खाली पाहिले तर तळाचे दगड दिसतात. पाणी तेच असते. पण प्रकाश घासून आला की परततो आणि सरळ आला की आत शिरतो. बोगद्याच्या भिंतीही अशाच वागतात. भिंतीला घासत जाणारी लहर फारसे नुकसान न होता दूरवर पोहोचते.

आखूड लांबीच्या लहरी भिंतीला अधिक घासत जातात, म्हणून त्या कमी वेळा आपटतात. त्यामुळे मोकळ्यावरच्या अनुभवाच्या उलट, सरळ आणि गुळगुळीत बोगद्यात जास्त वारंवारितेची लहर अधिक लांब जाऊ शकते. गणित सांगते की वारंवारिता दुप्पट केली, तर दर मीटरमागचा तोटा चौथाईवर येतो. मात्र बोगदा वळला की चित्र पालटते. वळणावर लहर भिंतीवर तिरपी न जाता ठोसा मारल्यासारखी आदळते आणि तिची शक्ती झपाट्याने घटते. शिवाय गाडी स्वतःच बोगद्याचा बराच भाग व्यापते. तिच्या पोलादी अंगामागे लहरींची सावली पडते, ती वेगळीच.

पोकळ नळीतून लहरी वाहून नेण्याशी आपल्या देशाचेही जुने नाते आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात अतिशय आखूड रेडिओ लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. त्यांच्या उपकरणांत धातूच्या पोकळ नळ्या होत्या आणि कर्ण्याच्या आकाराची अँटेनाही होती. त्याच शहरात २०२४ च्या मार्चपासून हुगळी नदीच्या पात्राखालून मेट्रो धावते आहे आणि तिचे नियंत्रण रेडिओ लहरींवर चालते.

ठिबक सिंचनाची युक्ती

बोगद्यातल्या संपर्कासाठी एक मार्ग म्हणजे ठरावीक अंतरांवर अँटेना लावणे. दुसरा मार्ग शेतकऱ्याला चटकन समजेल असा आहे. द्राक्षबागेत पाण्याचा पाट सोडण्याऐवजी छिद्रांची नळी अंथरतात. प्रत्येक वेलीच्या मुळाशी थेंब थेंब पाणी पडते. बोगद्यातही तेच करता येते. आपल्याकडे टीव्हीला जोडतात तशी, पण बरीच जाडजूड केबल भिंतीलगत बांधतात. तिच्या बाहेरच्या धातूच्या वेष्टनाला मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात. त्या फटींमधून लहर थोडी थोडी बाहेर झिरपते. इंग्रजीतही या केबलला 'गळकी' असेच म्हणतात.

गाडी कुठेही असली तरी केबल तिच्या जवळच असते. वळण असो की चढ, फरक पडत नाही. पण ही केबल मैलोन् मैल अंथरायची, तिची देखभाल करायची, तर खर्च येतोच. म्हणून कुठे अँटेना पुरेल आणि कुठे केबलच हवी, हा निर्णय फार विचाराने घ्यावा लागतो. अंदाज चुकला तर काँक्रीट पुन्हा फोडण्याची पाळी येते. संगणकाची गरज भासते ती नेमकी इथे.

कागदावरचा बोगदा, संगणकातल्या लहरी

लहरींचा अंदाज बांधण्याच्या दोन परंपरा आहेत. पहिली अनुभवाची. जपानी अभियंते ओकुमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोकियो परिसरात गाडी फिरवून असंख्य ठिकाणी संकेताची ताकद मोजली आणि १९६८ साली त्याचे आलेख प्रसिद्ध केले. पुढे १९८० मध्ये हाता यांनी त्या आलेखांची सोपी सूत्रे बांधली. शहर मोठे आहे की लहान, अँटेना किती उंच आहे, अंतर किती आहे, एवढे सांगितले की सूत्र सरासरी तोटा सांगते. मोबाइल फोनचे जाळे उभारताना या सूत्रांचा जगभर उपयोग झाला. पण ही झाली सरासरी. अमुक वळणावर अमुक भिंतीमुळे काय होईल, हे ती सांगू शकत नाही.

दुसरी परंपरा किरणांची. यात आधी बोगद्याची हुबेहूब प्रतिकृती संगणकात उभी करतात. व्यास किती, वळण किती मीटर त्रिज्येचे, स्थानकाचा रुंद भाग कुठे सुरू होतो, लोखंडी दरवाजे कुठे, हे सारे त्यात येते. मग प्रत्येक पृष्ठभागाचा स्वभाव सांगावा लागतो. काँक्रीट किती लहर परतवते, पोलाद किती परतवते, ओलसर भिंत किती शोषते. त्यानंतर अँटेनाच्या जागी जणू एक दिवा ठेवून लाखो किरण सर्व दिशांना सोडले जातात. आरसेमहालात टॉर्च लावावा तसा प्रत्येक किरण भिंतीवर आपटतो, दिशा बदलतो, थोडा क्षीण होतो. संगणक प्रत्येकाचा माग काढतो आणि गाडीच्या अँटेनाशी कोण, किती शक्ती घेऊन, किती वाट तुडवून पोहोचले, याची बेरीज करतो.

शेवटी पडद्यावर मार्गाचा रंगीत नकाशा उमटतो. हिरवे म्हणजे उत्तम, पिवळे म्हणजे जेमतेम, लाल म्हणजे धोका. मग अँटेना दहा मीटर पुढे सरकवून पाहायची. छताऐवजी बाजूला लावून पाहायची. शेजारच्या रुळावर दुसरी गाडी उभी करून पाहायची. प्रत्यक्षात ज्या चुका कोट्यवधी रुपयांना पडल्या असत्या, त्या इथे फुकटात करून घेता येतात.

पण हा संगणक म्हणजे ज्योतिषी नव्हे. लहरींचे खड्डे सहा सेंटिमीटरवर असतील, तर प्रतिकृतीत भिंत दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे झाली तरी खड्ड्यांच्या जागा बदलतात. त्यामुळे 'अमुक खांबापाशी संकेत बुडेल' असे तो छातीठोकपणे सांगू शकत नाही. 'या शंभर मीटरांत सरासरी ताकद इतकी असेल, खड्डे साधारण इतके आणि इतके खोल असतील', हे मात्र तो चांगले सांगतो. अभियंत्याला तेवढे पुरते. तो तितकी जास्तीची शक्ती पदरी ठेवतो. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला वेगवेगळ्या अँटेना बसवतो. आठ डब्यांच्या गाडीत या दोन टोकांमध्ये दीडशे मीटरहून जास्त अंतर असते. एक टोक खड्ड्यात सापडले, तरी दुसरेही त्याच क्षणी सापडण्याची शक्यता फार कमी.

आणि एवढ्यावरही विश्वास ठेवायचा नसतो. शेवटची गाडी गेली की मध्यरात्री मोजणी करणारी मंडळी बोगद्यात उतरतात. एका जागी लहरी सोडणारे यंत्र ठेवतात आणि ट्रॉलीवर मोजणी यंत्र घेऊन मार्ग पालथा घालतात. आलेले आकडे संगणकाच्या अंदाजाशी ताडून पाहतात. फरक दिसला की प्रतिकृतीतले भिंतीचे गुणधर्म दुरुस्त करतात. पहाटे पहिली गाडी सुटायच्या आत हे काम आटोपावे लागते.

गर्दी माणसांची आणि लहरींचीही

गणित बरोबर असूनही घोटाळा होऊ शकतो, कारण हवा कुणाच्या मालकीची नसते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा बहुतेक देशांत परवान्याविना वापरता येतो. घरचे वायफाय याच पट्ट्यात, ब्लूटूथही याच पट्ट्यात आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही इथलाच शेजारी.

चीनमधल्या शेन्झेन शहरात नोव्हेंबर २०१२ मध्ये मेट्रोच्या गाड्या वारंवार आपोआप थांबू लागल्या. शोध घेतला तेव्हा प्रवाशांच्या खिशांतल्या छोट्या वायफाय यंत्रांकडे बोट गेले. गाडीचा रेडिओ आणि प्रवाशांची यंत्रे एकाच पट्ट्यात बोलत होती. पुढे चीनने शहरी रेल्वेसाठी १.८ गिगाहर्ट्झच्या आसपासचा वेगळा पट्टा उपलब्ध करून दिला. बँकॉकच्या स्कायट्रेनलाही जून २०१८ मध्ये असाच त्रास झाला आणि तिथे गाड्यांची वारंवारिता बदलावी लागली. या घटनांनंतर हिशेबात एक रकाना वाढला. आपली लहर किती पोहोचेल, याबरोबरच परक्यांचा गोंगाट किती असेल, हेही मांडावे लागते.

गुन्हेगार शेजारच्या रुळावर!

आता सिंगापूरच्या कोड्याकडे वळू. ५ नोव्हेंबर २०१६ रोजी, शनिवारी, सरकारच्या सेवेतल्या तीन तरुण आकडेतज्ज्ञांकडे सर्व घटनांची यादी सोपवण्यात आली. तारीख, वेळ, जागा, दिशा आणि गाडीचा क्रमांक, एवढीच माहिती. वेळेनुसार पाहिले, काही हाती लागले नाही. जागेनुसार पाहिले, तरी नाही. गाडीनुसार पाहिले, तरीही नाही.

मग त्यांनी एक जुनी रीत वापरली. उभ्या बाजूला वेळ, आडव्या बाजूला स्थानके आणि प्रत्येक घटनेचा एक ठिपका. आपल्याकडे रेल्वेच्या नियंत्रण कक्षात बसणाऱ्यांना असा तक्ता पाठ असतो. तक्त्यावर गाडीची तिरपी रेघ उमटते. सिंगापूरच्या तक्त्यात ठिपके चक्क तिरप्या रांगेत उभे राहिले! एका गाडीला त्रास झाला की थोड्या वेळाने तिच्या मागच्या गाडीला, मग तिच्याही मागच्या गाडीला. त्रास जणू गाड्यांच्या उलट दिशेने प्रवास करत होता.

म्हणजे दोष जागेचा नव्हता आणि थांबणाऱ्या गाड्यांचाही नव्हता. समोरच्या रुळावरून उलट दिशेने जाणारी एखादी गाडी वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकीचा संपर्क बिघडवत होती. स्वतः मात्र ती सुखरूप धावत होती. म्हणून तर तिच्यावर कुणाचा संशय गेला नव्हता. स्थानकांवरची चित्रफीत पाहून तिचा क्रमांक निश्चित करण्यात आला, पीव्ही ४६. रविवारी ती गाडी मार्गावर सोडून खात्री करून घेतली. तिच्या संपर्क यंत्रणेतल्या बिघाडामुळे चुकीचे संकेत बाहेर पडत होते. ऑगस्ट ते नोव्हेंबरमधल्या ९५ टक्क्यांहून अधिक घटनांचा उलगडा या एका गाडीने झाला.

इथे संगणकातल्या प्रतिकृतीची मर्यादाही कळते. ती भिंती ओळखते, वळणे ओळखते. पण बिघडलेले यंत्र अंगावर घेऊन फिरणारी गाडी तिच्या हिशेबात कुणी घातलेलीच नसते.

आपल्या शहरांत काय?

हा विषय आता आपल्याही दारात आहे. दिल्ली मेट्रोच्या मजेंटा मार्गावर २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली पहिली चालकविरहित सेवा सुरू झाली. ती रेडिओ संपर्कावरच चालते. मुंबईची ३३.५ किलोमीटरची मेट्रो-३ ऑक्टोबर २०२४, मे २०२५ आणि ऑक्टोबर २०२५ अशा तीन टप्प्यांत आरे ते कफ परेडपर्यंत खुली झाली. मिठी नदीच्या खालून जाणाऱ्या या मार्गावरही सीबीटीसी आहे. दिल्ली-मेरठ मार्गावरच्या, २०२३ साली सुरू झालेल्या नमो भारत गाड्यांनी तर मोबाइलच्या धर्तीच्या एलटीई रेडिओचा मार्ग धरला आहे. रेल्वेच्या संपर्क आणि सुरक्षा यंत्रणेसाठी केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला स्वतंत्र भाग मंजूर केला. हेतू हाच की शेजारच्या वायफायची कटकट नको.

मुंबईच्या लोकलसाठी २०१९ साली मंजूर झालेल्या योजनेतही सीबीटीसीचा समावेश होता. पण लोकलचा मार्ग म्हणजे लहरींची कसोटीच. रुळांना खेटून उभ्या इमारती, दर थोड्या अंतरावर पादचारी पूल, शेजारून एकाच वेळी धावणाऱ्या चार-चार गाड्या. इथला हिशेब टोकियोच्या किंवा सिंगापूरच्या आकड्यांवरून उचलून चालणार नाही. तो इथेच, या पुलांखाली उभे राहून मोजावा लागेल.

प्रवाशांच्या मनातले प्रश्न

*बोगद्यात माझ्या फोनचे नेटवर्क गेले, म्हणजे गाडीचाही संपर्क तुटला का?*
नाही. प्रवाशांच्या फोनचे जाळे आणि गाडीच्या नियंत्रणाचा रेडिओ या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत.

*मुसळधार पावसात या लहरी अडतात का?*
२.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर पावसाच्या थेंबांचा परिणाम नगण्य असतो. फार उच्च वारंवारितेच्या लहरींना मात्र पाऊस बाधतो.

*संपर्क तुटला आणि पुढे गाडी उभी असेल तर?*
निरोप न मिळणे म्हणजेच 'थांबा', असा या यंत्रणेचा मूळ नियम आहे. आधी मिळालेल्या मर्यादेच्या पुढे गाडी जात नाही. म्हणून दोन स्थानकांच्या मध्ये गाडी अचानक उभी राहिली, तर घाबरून दरवाजे उघडण्याचा प्रयत्न करू नये. बहुतेक वेळा ती फक्त निरोपाची वाट पाहत असते.